घराकडे पाठ फिरवणारा अँटेना

खुब्याच्या ऑपरेशननंतर मिरजेच्या डॉक्टरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उसात शिरायला सक्त मनाई केली. आबांनी मान डोलावली आणि उंब्रजजवळच्या आमच्या घरी आल्यावर काठी घेऊन थेट रान गाठलं. पलीकडच्या कोपऱ्यात पाणी पोचलं की नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तिथे पाय घसरला असता तर उभ्या उसात कुणाला कळलंही नसतं. मला याची फार धास्ती होती.

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. त्या कोपऱ्यात मी मातीची ओल मोजणारी डबी बसवली आणि तिचा संदेश घ्यायला घराच्या छतावर एक यंत्र; ओलीचा आकडा तिथून मोबाइलवर येतो. डबीची बॅटरी एवढीशी, सगळीकडे ओरडत बसणं तिला परवडत नाही. म्हणून तिला दिशा बदलणारा अँटेना केला. मधे एक काडी, भोवती सहा. कुठली काडी जोडायची हे चिप ठरवते आणि संदेश त्या बाजूला झुकतो, तोंडाभोवती हात धरून हाक मारावी तसा. कॉलेजच्या गच्चीवर तो अगदी शहाण्यासारखा वागला.

उसात मात्र त्याने घराकडे पाठ फिरवली; आकडा येत होता, पण चिप दर वेळी घराच्या उलटीच बाजू निवडत होती. मला वाटलं, तारा उलट्या जोडल्या. सगळं उकलून पुन्हा जोडलं, तरी पठ्ठ्या पाठमोराच. चिडून मी त्याला जबरदस्तीने घराकडे वळवलं, तर मोबाइलवरचा आकडाच गायब झाला. मग मीही घराकडे पाठ करून उभी राहिले. समोर पाण्याचा पाट सरळ मोकळा, त्याच्या टोकाला शेजाऱ्यांच्या गुऱ्हाळाचा पत्रा. तिथवर चालत गेले. गुऱ्हाळापासून गाडीवाटेवरून आमचं छत स्वच्छ दिसत होतं. उसाची ओली पानं संदेश गिळत होती, म्हणून तो पत्र्यावर आपटून लांबून घरी येत होता. हे मी अँटेनाला शिकवलं नव्हतं. त्याने सगळ्या दिशा चाचपून वाट शोधली होती. मी उसात एकटीच हसत सुटले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आबांनी मोबाइलवरचा आकडा पाहिला. “गुऱ्हाळावरनं येतंय व्हय? लय इरसाल हाय तुझी डबी.”

पुढच्या खेपेला दारात त्यांचे गमबूट धुऊन ठेवलेले होते.

“घालून बघ,” आबा म्हणाले.

“आवं आबा, मला कशाला?”

“ब्याटरी संपली की आता तुलाच जायचं हाय.”

बूट मला ढगळ झाले. तरी मी ते काढले नाहीत.