शाही रथाचा सोफा आणि गफूरभाईंचा टांगा

नातवाने मोबाईलवर जाहिरात दाखवली : 'जुन्नरजवळ शिवकालीन शाही रथाची सफर, माणशी तीनशे रुपये.' फोटोत दोन चाकं, एक घोडी आणि मागे लाल मखमली सोफा. माझं डोकंच फिरलं. शाळा सातवीत सुटली, पण रद्दीतून जमवलेले चार शब्दकोश घरात आहेत. चार चाकं, छप्पर आणि दारं असली की तो शिग्राम. चार चाकं पण उघडी असली की बग्गी. दोन चाकं आणि पाठीला पाठ लावून बसायचं, तो टांगा. आमच्या लहानपणी लोक स्टेशनावर उतरून टांगा करायचे. रथात फक्त देव बसायचे. आता पुढारी बसतात.

"चल, त्या मॅनेजरला टांग्याचा अर्थ सांगून येऊ," मी हिला म्हणालो.

"तिथं जेवण बरं मिळतं ना?" एवढंच तिने विचारलं.

पुण्यात वाकडेवाडीहून सकाळची जुन्नर एसटी पकडा आणि डावीकडे बसा, उन्हाचा त्रास नाही. पंच्याहत्तरी ओलांडल्याने मला तिकीट नव्हतं, हिला अर्धं. मंचर, नारायणगाव करत साडेतीन तासांत पोचलो. जुन्नरला मासवडीची थाळी खा. मासवडीत मासा नसतो, बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, हे पुणेकरांना सांगून सांगून वाढपी थकलेत. तरी मी विचारलंच.

बाहेर एका चौकाला अजून टांगा स्टँड म्हणतात. उभ्या सगळ्या रिक्षा. "टांगे कुठायत?" मी विचारलं.

"आजोबा, नावापुरतं हाय ते," रिक्षावाला हसला. "आमी जल्मापासून रिक्षाच बघतोय. पन अंधार पडायच्या आत परत या, तिकडं बिबट्या लई."

पिंपरी पेंढारच्या वाटेवर ते रिसॉर्ट. कमानीवर प्लॅस्टिकची तलवार. आत मॅनेजर, फेटा आणि गॉगल एकाच डोक्यावर. शेजारी गफूरभाई, सत्तरीचे, जुन्नरचे पिढीजात टांगेवाले. टांगा त्यांचा, चांदणी घोडीही त्यांचीच. सोफा आणि 'शाही रथ' ही पाटी तेवढी रिसॉर्टची, जाहिरातीच्या फोटोसाठी टांग्यावर चढवलेली.

मी शब्दकोश उघडावा तसा सुरू झालो. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, टांगा म्हटलं तर कोण देईल तीनशे? गफूरचाचा, पाहुण्यांना बसवा."

गफूरभाई हलले नाहीत. "सोफा हाय तोवर चांदनी जुपनार न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नका."

रिसॉर्टशिवाय टांग्याला गिऱ्हाईक उरलेलं नव्हतं, हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक असेल. गफूरभाईंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "जातो. पन आदी घोडीबिगर बसून दाखवा. पावणं, तुमी बी बसा."

घोडी जुंपायच्या दांड्या खाली टेकवलेल्या होत्या. ही माझ्या कानाशी पुटपुटली, "तुम्ही नका." म्हणजे बसणं भागच होतं. मॅनेजर आणि मी त्या मखमलीवर टेकलो मात्र, दांड्या सरळ आभाळाकडे! आम्ही दोघं पाठीवर, तंगड्या वर. माझी एक चप्पल गवतात, त्याचा गॉगल शेणात. ही हसून हसून खाली बसली.

"ह्याला म्हनत्यात उलाळ," गफूरभाई शांतपणे म्हणाले. "मागं वजन झालं की दांड्या उचलत्यात आन् पट्टा घोडीच्या पोटात घुसतो. आता चांदनी तिथं हाय असं समजा."

मॅनेजर उठला, गॉगल पुसला. मग माळ्याला हाक मारून पाना मागवला.

सोफा उतरला. गफूरभाईंनी जुनी फळी बसवली, आम्हाला न्याहाळलं. "वैनी, म्होरं माझ्याजवळ या. भाऊ मागं." हिने ते वजनाबद्दल आहे हे ओळखलं, तोंड फुगलं, पण बसली. चांदणीने एक पाय उचलला आणि निघाली, दांड्या तिच्या अंगावर अलगद. कोशात टांग्याखाली चार ओळी आहेत. हे हलकेपण त्यातल्या एकीतही नाही.

"त्या पाटीचं काय?" मी विचारलं. "रथच लिहिलंय अजून."

"लिवू द्या की राव. घोडीला वाचता येत न्हाई."

घरी आलो. कंबर चार दिवस धरली होती. 'टांगा या शब्दाबाबत' म्हणून मॅनेजरला तीन पानी पत्र लिहिलं, पोस्टात मात्र टाकलं नाही. आठवड्याने गफूरभाईंचा फोन आला. सोफा आता आंब्याखाली ठेवलाय, शाही रथाची पाटी त्याच्यावरच लावलीय, लोक बसून फोटो काढतात.

"आणि टांग्यावर काय लिहिलंय?"

"कायबी न्हाई. फोटू काढून झाला की माझ्याकडं येत्यात, म्हनत्यात, चाचा, टांगा हाय का?"