मास्कमागचं बोलणं

बाबा डिलाईल रोडच्या कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे विणायच्या मागांवर होते. तिथल्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत. तीच सवय त्यांनी घरी आणली आणि आम्हाला वाटत राहिलं, यांना सगळं ऐकू येतं.

करोनात सगळ्यांची तोंडं झाकली गेली, तेव्हा ते भलतीच उत्तरं देऊ लागले. मी खेकसायचो, "लक्ष कुठे असतं तुमचं?" त्याच वर्षी आई हृदयाच्या दुखण्याने गेली. हॉस्पिटलात तिच्याजवळ एकालाच थांबू देत होते. बाबा थांबले.

त्यांना ऐकूच येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला आणखी दोन वर्षं गेली. मग दोन्ही कानांची यंत्रं घेतली. तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, सुरुवात शांत खोलीत, ओळखीच्या आवाजाने करा. म्हणून मी समोर बसून पेपर वाचायला लागलो.

बाबांनी थोडा वेळ ऐकलं. मग हाताने मला थांबवलं.

"तुझी आई त्या ऑक्सिजनच्या मास्कमधून काहीतरी विचारत होती. दोनदा विचारलं तिने. मला कळलं नाही. मी आपली हो म्हणून मान हलवली, तर ती रडायलाच लागली."