सामनेवाला क्रमांक तीन

वर्तकनगरात आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, अगदी माझ्या दारासमोर, सुधीर रणदिवे राहतो. निवृत्त माणूस खुर्चीत बसतो अशी माझी समजूत होती. सुधीर बसत नाही, आणि गेल्या जानेवारीपासून तर अजिबातच नाही. दारापासून जिन्यापर्यंत सोळा पावलं, वळला, परत सोळा. मी आतून मोजतो. मला दुसरा उद्योग नाही, असं आमच्या घरातलं मत आहे.

बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस. आलेल्या कागदावर तारीख आणि सही, गेलेल्या कागदाची प्रत फायलीत. घरी लग्नपत्रिका आली तरी कोपऱ्यात ‘मिळाली’ लिहून तारीख टाकतो. अर्ध्या सोसायटीचे अर्ज त्याने लिहिलेत, माझाही एक. त्यामुळे त्याचं ठाम मत, ‘ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याने वकील करावा.’

त्याची बायको चित्रावहिनी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतरही रोज सकाळी मैदानावर मुलींना कबड्डी शिकवायच्या. त्यांची शिट्टी वाजली की आमच्याकडे चहा टाकला जायचा.

नऊ डिसेंबरला सकाळी कोलशेत रोडवर सुधीरने स्कूटर उजवीकडे वळवली आणि डावीकडून एक पांढरी गाडी भरधाव येऊन धडकली. सुधीरचा शर्ट फाटला. मागे बसलेल्या वहिनींचा गुडघा स्कूटरखाली आला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच एक गृहस्थ फाईल घेऊन उगवला. "काका, इथे फक्त सही करा. आमचे साहेब केस बघतील, जिंकलो तर अर्धं अर्धं." कागद कोरा होता. सुधीरने त्याला तिथेच उभं करून कोऱ्या कागदावर सही का करू नये यावर इतकं लांबलचक व्याख्यान दिलं की शेवटी तो माणूस "सोडा ना काका" म्हणत पळाला. इथवर सुधीर शंभर टक्के बरोबर होता. पण त्यातून त्याने काढलेला अर्थ असा, की वकील म्हणजे हेच.

जानेवारीत पांढऱ्या गाडीच्या विमा कंपनीचा माणूस आला. गोड बोलणारा, अगदी चप्पल बाहेर काढून आत येणारा. "साहेब, काय घडलं ते तुमच्याच शब्दांत लिहून द्या." सुधीरला असं म्हणायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण द्यायची. चार पानं लिहिली, नकाशासकट. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, ‘वळताना मी डावीकडे पाहिले होते, असे मला खात्रीने सांगता येत नाही.’ सही, तारीख, आणि प्रत फायलीत.

त्या दिवसापासून सोळा पावलं सुरू झाली.

मी चिडवायचो. "काय रे, मॅरेथॉनला नाव दिलंयस काय?"

"दाव्याचा मसुदा डोक्यात चाललाय," तो म्हणायचा.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, मसुदा डोक्यातच. रोज फाईल उघडायची, पोलिसांचे कागद, पंचनामा, हॉस्पिटलचे रिपोर्ट काढायचे, सारखे करायचे आणि पुन्हा नाडी बांधायची. दरम्यान डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन लवकर व्हायला हवं, नाहीतर पाय कायमचा आखडेल. मेडिक्लेम पहिल्यातच संपला होता. वहिनी गॅलरीत बसून मैदानाकडे बघत. मुली येत, थोडा वेळ आपसात भांडत आणि घरी जात. आमचा चहा आता केव्हाही होतो.

मे महिन्यात कल्याणहून देवयानी टिपणीस आली, आपल्या शाळेच्या बाईंना, म्हणजे चित्रावहिनींना, भेटायला. वहिनींच्या कबड्डी संघातली, आता वकील. दार उघडंच होतं. मी साखर मागायला गेलो होतो. (घरात दोन किलो होती.)

"बाई, केस कुणाकडे दिलीत?"

"यांच्याकडे."

"काका वकील आहेत?"

"नाही गं. अक्षर चांगलं आहे."

देवयानी हसली, पण तारीख ऐकून एकदम सरळ बसली. "नऊ डिसेंबर? म्हणजे नऊ जूनला सहा महिने होतात. दावा सहा महिन्यांत टाकायचा असं कायदा म्हणतो. त्यानंतर उशिराचं भांडण वेगळं लढावं लागतं. कशाला ते? फाईल कुठाय?"

सुधीर कपाटापुढे उभा राहिला. चक्क उभा, न चालता. "मी करतोय ना. मसुदा तयार आहे."

"बघू."

मसुदा कुठे होता? मी हळूच त्यांच्या फ्रिजच्या आडोशाला सरकलो.

"सुधीर," वहिनी म्हणाल्या, "फाईल दे तिला."

"तुला कळत नाही चित्रा. वकील पहिला प्रश्न काय विचारेल? स्कूटर कोण चालवत होतं. दुसरा प्रश्न, डावीकडे बघितलं होतं का." तो वहिनींकडे वळला. "मग तू काय सांगणार आहेस? माझ्याविरुद्ध?"

एवढ्या महिन्यांचा मसुदा हा होता तर. मला माझ्या मॅरेथॉनच्या विनोदाची लाज वाटली. असं फार क्वचित होतं.

वहिनी म्हणाल्या, "मी सांगणार, की त्या क्षणी मी तुला मागून टोचत होते. परतीच्या वाटेवर अळू घ्यायचं विसरू नको म्हणून. तीनदा सांगितलं. तू ‘हो हो’ म्हणालास आणि वळलास. पाच महिने मीही हेच गिळून बसलेय."

सुधीरने कपाट उघडलं. फाईल काढून देवयानीच्या हातात दिली आणि चार पानांची प्रत स्वतःच सगळ्यात वर ठेवली. "हे मी त्यांना देऊन बसलोय."

तिने वाचलं. "काका, हे द्यायच्या आधी वकील करायचा असतो. पण प्रत ठेवलीत हे उत्तम, त्यांच्या हातात काय आहे ते कळलं." मग पंचनामा काढला. "ब्रेकच्या खुणा बघा किती लांब आहेत. गाडी केवढ्या वेगात होती ते रस्ताच सांगतोय. आणि बाई मागे बसल्या होत्या. चूक थोडी याची असो, थोडी त्याची, मागे बसलेल्याचा हक्क जात नाही. फक्त एक आहे." तिने पंचनामा मिटला. "स्कूटरचे मालक म्हणून काकांनाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावं लागेल. गाडीचा मालक एक, त्याची विमा कंपनी दोन, काका तीन, स्कूटरची विमा कंपनी चार."

"मला?"

"तुम्हाला. आणि मी बाईंची वकील, तुमची नाही. तुम्ही तुमच्या विमा कंपनीला आजच लेखी कळवा. ते तुम्हाला छान जमेल." मग बाईंकडे वळून, "मी टक्केवारी घेत नाही. फी आत्ता लिहून देते. वकीलपत्र घरी ठेवा, वाचा, मग सही करा."

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, साखर मिळाली असेल तर फ्रिजचं दार लावा."

संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगला कळलं होतं की रणदिवे वहिनींनी नवऱ्यावर केस टाकली. कुणी सांगितलं ते विचारू नका. तळमजल्याच्या सुमतीकाकू तर डबा घेऊन सुधीरचं सांत्वन करायला आल्या. डबा त्याने ठेवून घेतला.

दावा दोन जूनला दाखल झाला. निकाल लागायला वर्षं जातील, हे देवयानीने तोंडावर सांगितलंय. वहिनींनी वाट बघितली नाही, ठेव मोडून ऑपरेशन करून घेतलं.

जुलैत कोर्टाची नोटीस आली. सुधीरने दारातच उभ्याने वाचली. ‘सामनेवाला क्रमांक ३ याने वळण घेताना पुरेशी काळजी घेतली नाही.’ मी चेहरा बघायला थांबलो होतो, खोटं कशाला बोलू. त्याने खिशातलं पेन काढलं, कोपऱ्यात ‘मिळाली’ लिहिलं, तारीख टाकली, सही केली. आत जाऊन खुर्चीत बसला. नोटीस मांडीवर तशीच.

"अहो अर्जदार," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "तारखेला बरोबर जायचं की वेगवेगळं?"

"एकाच रिक्षेत," आतून उत्तर आलं. "आणि येताना अळू घ्यायचंय. पण ते तिथून निघाल्यावर सांगीन. वळण संपल्यावर."