एकेचाळिसावा सत्कार

सुनंदा भाजी आणायला गेलीय, तोवर हे सांगून घेतो. बायको समोर असली की मध्येच “खरं सांगा” म्हणते, आणि खरं सांगितलं की नाक माझंच कापलं जातं. आज खरंच सांगणार आहे. फक्त तिच्या देखत नको. चहा घ्या, गार होतोय.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चितेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. एक वायसर कमी भरला तरी मला जेवण जात नाही. शिक्षण दहावीपर्यंत, पण डायरी बावीस वर्षं एकही दिवस न चुकता लिहिलेली. तापात सुद्धा लिहिली. त्या दिवशी ‘ताप’ असं लिहिलं.

माझी मेहुणी वसुधा कथक शिकवते. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत तिचा क्लास चालायचा. मालकाला तिथं केटरिंगची भांडी ठेवायची होती, म्हणून क्लास उठला आणि तात्पुरता आमच्या गच्चीवर आला. गच्ची म्हणजे सिमेंट. कथकमध्ये पाय आपटतात हे तुम्ही पाहिलं असेल, पण तो आपटलेला पाय गुडघ्यात कसा वाजतो ते बघायचं तर वसुधाला खाली बसताना बघा. वय चव्वेचाळीस, आणि बसायला भिंत धरते. तिच्या मुली बारा-तेरा वर्षांच्या. त्यांना भिंत धरायची वेळ येऊ नये, एवढीच तिची मागणी होती.

आणि त्यावर उपाय होता हो! गारखेड्यात एक शाळा बंद पडलीय. तिच्या हॉलला लाकडी फळ्यांची जमीन आहे, कुणा हौशी मुख्याध्यापकानं नाटकासाठी करून घेतलेली. वसुधा एकदा खिडकीतून बघून आली तर दोन दिवस त्या फळ्यांबद्दलच बोलत होती. हॉल कुणाला द्यायचा ते एका साहेबांच्या हातात. आणि साहेब येणार होते आमच्या नृत्यशिक्षकांच्या मेळाव्याला.

हा मेळावा गव्हाणे सर भरवतात. ते लोकनृत्य शिकवतात, पण त्यांचं खरं कसब माणसं जमवण्यात. वसुधामुळे ते आणि बाकी सगळेच मला दाजी म्हणतात. त्यांनी घरी येऊन बेत सांगितला.

“वसुधाताईंच्या पोरींनी पाच मिनिटं नाचायचं, ताईंनी हॉलचं निवेदन द्यायचं, अन् साहेब माईकवर हो म्हणणार. माईकवर म्हणलेलं माणसाला परत घेता येत नाय. दाजी, तुमच्याकडं दोनच कामं. सत्काराची यादी अन् इतिवृत्त.”

“सत्कार किती?”

“पाच-सहा. पण एक ध्यानात ठेवा, नाव सुटाया नको. मागल्या साली एक बाई सुटल्या. त्यांनी आपल्या तीस पोरी उठवून नेल्या. हॉलमध्ये मागं राहिलो मी अन् मांडववाला.”

आता मला सांगा, स्टोअरकीपरला ‘काही सुटाया नको’ असं सांगावं का? अहो, वाघाला मांस खा म्हणून सांगतात का कुणी?

मी वही घेऊन बसलो. पाच ज्येष्ठ गुरू झाले. तेवढ्यात लक्षात आलं, कथकचे दोन आहेत तर भरतनाट्यमचे दोन हवेत. मग लावणीवाल्या बाईंनी काय घोडं मारलंय? गुरू आले तर गुरूंचे गुरू आले. नृत्य आलं तर घुंगरू बांधून देणारा आला, पोशाख भाड्यानं देणारा आला, मेकअपवाला आला. एका नगरसेवकाच्या पत्नीनं लग्नाआधी दोन महिने गरबा शिकवला होता, हे मला बिडकीनच्या एका माणसानं फोनवर सांगितलं. त्या आल्या. साहेबांचे स्वीय सहायक आले, कारण साहेब त्यांच्यामुळेच येणार होते.

मग क्रम. मी ज्येष्ठतेनं लावायचं ठरवलं आणि प्रत्येकाला जन्मतारीख विचारली. दोन बायकांनी जन्मतारीख सांगायला साफ नकार दिला आणि ज्येष्ठतेत पहिला नंबर मात्र दोघींनी मागितला. त्या दोघींत माझे चार दिवस गेले.

यादी चाळिसावर थांबली. वसुधा तिच्याकडे बघत राहिली.

“दाजी, ही सत्काराची यादी आहे का लग्नाची पंगत?”

“एका सत्काराला एक मिनिट. चाळीस मिनिटं. मी हिशेब केलाय.”

“सुटले नाहीत ना कुणी?”

“एकही नाही,” मी म्हणालो, आणि त्याच वेळी जिन्यावरून बशीरचाचा येत होते. तीस वर्षं वसुधाच्या साथीला तबला वाजवणारे. ते यादीत नव्हते. घरचेच ना!

मेळावा रविवारी सकाळी. साहेबांना साडेबाराला सिल्लोडच्या कार्यक्रमाला निघायचं होतं. पावणेअकराला पहिलं नाव पुकारलं. माझा एक मिनिटाचा हिशेब पहिल्या सत्कारालाच कोसळला, आणि का कोसळला ते ऐका.

ज्येष्ठ नर्तिका. स्टेजला सहा पायऱ्या. एकेका पायरीवर हात टेकत, श्वास घेत, “चढते हं, चढते” म्हणत पहिल्या बाई वर आल्या. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. जन्मभर सिमेंटवर नाचलेल्या. ज्या गुडघ्यांसाठी आम्ही हॉल मागायला जमलो होतो, तेच गुडघे हॉल मागायची वेळ खात होते. शाल, नारळ, गुच्छ, मग फोटोवाला म्हणायचा, “म्याडम, इकडं बघा, डोळे मिटले.” परत शाल. परत नारळ.

बाजूच्या पडद्याआड वसुधाच्या मुली घुंगरू बांधून सकाळी नऊपासून उभ्या. बसल्या तर पोशाखाची घडी मोडते. बशीरचाचांनी तबला दोनदा सुरात लावला होता. एसीच्या गार हवेत तो पुन्हा उतरला.

“मियाँ,” ते मला म्हणाले, “तबला उतर गया, तुम्हारी शालां नै उतरी.”

तेहेतिसाव्या नावाला वसुधा माझ्याजवळ आली.

“किती राहिले?”

“सात.”

“चार कापा ना, दाजी.”

“कुणाला कापू? सगळे समोर बसलेत. नावं त्यांना आधीच सांगितलीत.”

“मेकअपवाल्याला कापा.”

“तो तर पत्नीला घेऊन आलाय.”

तिनं एका हातानं पडद्याचा खांब धरला आणि एक पाय उचलून धरला, थोडा वेळ.

चाळिसावा सत्कार संपला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी डायरीत लिहून ठेवलंय. म्हणजे बघा, वीस मिनिटं शिल्लक होती. पाच मिनिटं नाच, पाच मिनिटं निवेदन, तरी दहा उरत होती. इथं ही गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती छाती काढून सांगितली असती, सुनंदासमोर.

पण गव्हाणे सरांनी माईक घेतला. “ज्यांच्या काटेकोरपणामुळं आज एकही नाव सुटलं नाय, त्या आपल्या दाजींचा एकेचाळिसावा सत्कार.”

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मानाला माणूस तीनदा ‘नको’ म्हणतो. दोनदा म्हटलं की तो विनय असतो, तिसऱ्यांदा म्हटलं की तो नकार असतो. मी दोनदा म्हणालो.

वर गेलो. शाल घेतली, नारळ घेतला. मानपत्र वाचलं गेलं: ‘नृत्य क्षेत्राच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिल्याबद्दल.’ त्यातलं ‘खंबीरपणे’ मीच आदल्या दिवशी सुचवलं होतं, आधी नुसतं ‘उभे राहिल्याबद्दल’ होतं. हे सुनंदाला माहीत नाही.

“दाजी, दोन शब्द बोला,” गव्हाणे म्हणाले.

खिशात भाषण होतं. आठ पानं. वेळ आलीच तर असावं म्हणून लिहिलेलं. स्वतःच्या अभ्यासावर जगणाऱ्या माणसाला माईक देऊ नये, तो सगळा अभ्यास सांगतो. मी वेरूळच्या लेण्यातल्या नर्तकीपासून सुरुवात केली. देवगिरीच्या यादवांपाशी आलो तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं. निजामाच्या काळात पोचलो तेव्हा ते उठले. मला वाटलं, आदरानं उठले.

हॉलचा विषय आठव्या पानावर होता.

जाताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “छान बोललात. अभ्यास आहे तुमचा.” आणि सिल्लोडला गेले. वसुधा निवेदनाचा लिफाफा घेऊन गाडीपर्यंत धावली. धावली म्हणजे जमेल तशी चालली. गाडी निघून गेली होती.

आत आलो तर मुली घुंगरू सोडत होत्या. बशीरचाचा तबल्यावर कापड घालत होते.

“चाचा, माफ करा,” मी म्हणालो.

“मेरे कू क्या माफ करना. मैं तो यादी में भी नै था.”

पुढच्या आठवड्यात वसुधाला घेऊन मी साहेबांच्या कार्यालयात गेलो. म्हटलं, निवेदन हातोहात देऊ. टेबलावरच्या लिपिकानं फाइल काढली.

“गारखेड्याचा हॉल व्हय? त्याचा निकाल लागला की. जुन्या फायली ठेवायला दिला.”

“पण आमची मागणी होती,” वसुधा म्हणाली.

“मेळाव्याचं इतिवृत्त आलंय, ताई. साहेब लई बारीक वाचतात.” त्यानं कागद आमच्याकडे फिरवला. एक्केचाळीस नावं, क्रमवार, वेळेसकट. खाली एक रकाना. मागण्या: निरंक.

काय करणार? रकाना रिकामा सोडणं माझ्या स्वभावात नाही, आणि स्टेजवर न झालेलं झालं म्हणून लिहिणंही नाही. मागणी कुणी केलीच नव्हती. करणार होती तिला मी बोलू दिलं नव्हतं. त्या शब्दाशेजारी साहेबांचा शेरा होता: ‘नृत्य क्षेत्राकडून जागेची मागणी नाही. सबब हॉल अभिलेखासाठी द्यावा.’

वसुधानं तो शब्द बराच वेळ वाचला. तीन अक्षरांना किती वेळ लागतो?

“हे कुणी लिहिलंय?” तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं.

“नाव नाय बघितलं. पण अक्षर लई झकास,” लिपिक म्हणाला.

“हो. आमच्या दाजींचं आहे,” वसुधा म्हणाली.

परतीच्या रिक्षात ती एवढंच म्हणाली, “फायलींना गुडघे नसतात, दाजी. लाकडावर ठेवल्या काय, सिमेंटवर ठेवल्या काय.”

म्हणून क्लास अजून आमच्या गच्चीवर आहे. हे आत्ता वर ऐकू येतंय ना, ते तेच. सकाळी त्या पाय आपटतात तेव्हा माझ्या चहात पोपडे पडतात. कप झाकून ठेवा तुम्ही. माझी शाल वसुधानं गच्चीच्या दाराशी अंथरलीय, मुलींना पाय पुसायला. मानपत्र सुनंदानं कुठं ठेवलंय ते विचारायची हिंमत झालेली नाही.

काल गव्हाणेंचा फोन आला. यंदाचा मेळावा ठरलाय, नवे साहेब येणार आहेत, दुसरी एक बंद शाळा निघालीय. “दाजी, यादी तुम्हीच करायची. तुमच्यासारखं काटेकोर कोण हाय?”

मी म्हणालो, “नको.” मग म्हणालो, “नको हो.” तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

निदान सुनंदाला मी असंच सांगितलंय. डायरीत खरं लिहिलंय: दोनदा म्हणालो आणि थांबलो.