तेजूच्या गोष्टीचा शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. सुनेला नाही, वाचनालयातल्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला सांगते — पण सुरुवात कुठून करू?

आमच्या विश्रामबागेतल्या वाचनालयात दरवर्षी मुलांच्या गोष्टींचं हस्तलिखित निघतं. माझं शिक्षण सातवीपर्यंतच, पण अक्षर लय देखणं — मीच म्हणते! म्हणून मुलं गोष्टी द्यायची आणि मी त्या उतरवून काढायची. जाता जाता थोडा हातही फिरवायची. शेवटी माझी एक गोष्ट असायचीच. आणि माझ्या गोष्टींतल्या पोरी कशा? भावासाठी शाळा सोडणाऱ्या, डोळे पुसत भाकरी थापणाऱ्या. लोक म्हणायचे, "काकू, रडवलंत!" मी खूश.

चार वर्षांपूर्वी तेजूची गोष्ट आली. नववीतली पोर. तिच्या गोष्टीत कारखान्याच्या आवारात उसाची ट्रॉली रिव्हर्स घ्यायची असते. भावाला जमत नाही. बहीण ट्रॅक्टरवर चढते आणि एका दमात घेते. भाऊ म्हणतो, "आण चावी." ती म्हणते, "आता घरापतूर मीच नेणार." संपली गोष्ट. रडणं नाही, माफी नाही.

मी तीनदा वाचली. इतक्या पोरी लिहिल्या मी, एकीलाही असं बोलू दिलं नव्हतं. हिला सुचलंच कसं? या एवढ्याशा पोरीला? आणि मला का नाही?

उतरवताना मी — शेवट बदलला. माझ्या अक्षरात तिची पोरगी चावी भावाच्या हातात देते, डोळे पुसते, म्हणते, "चुकलं, दादा." हात फिरवणं नव्हतं ते. लिहिताना मला ठाऊक होतं.

प्रकाशनाच्या दिवशी तेजूनं पान उघडलं आणि तडक माझ्याकडं आली. "आवं आजी, ही अशी नव्हती. ती चावी देतच न्हाई."

"तूच लिहिलंयस की गं," मी म्हटलं. "मी नुसतं उतरवलं."

"माझा कागद कुठाय?"

"रद्दीत गेला असंल." कागद माझ्या पिशवीत होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "तेजू, शेवट काय गोड केलायस गं!" पोर पानाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग मीच इसरले असेन."

आणि मी — मी "व्हय" म्हटलं.