पुस्तक वाचून पळणारे वसंतराव

पळणाऱ्यांकडं किस्से लई साचतात. पळायला जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट नंतर टपरीवर जातो, आणि कुणाची तरी टर उडवल्याशिवाय आमचा घाम काही वाळत नाही! विद्यापीठाच्या गेटजवळ पहाटे आमचं टोळकं जमतं. चितेगावच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा मी, टायरचं दुकान असलेले मोईनभाई, हाडांच्या डॉक्टर सोनवणे मॅडम आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले वसंतराव. किस्से सगळ्यांचेच आहेत. पण निम्म्याहून जास्त एकट्या वसंतरावांचे, आणि त्याला कारण एक पुस्तक.

वसंतरावांचं दुखणं आम्हाला ठाऊक होतं. शहरातली पूर्ण मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर, त्यांना एकदा तरी स्वतःच्या पायांनी संपवायची होती. तीन वर्षं प्रयत्न केला. तिन्ही वर्षं त्यांना गाडीनं उचलून आणलं. वेळेत न बसणाऱ्यांना गोळा करत ही गाडी सगळ्यात शेवटी येते. आम्ही तिला उचलगाडी म्हणतो. वसंतरावांच्या समोर नाही म्हणत, तेवढी माणुसकी आहे आमच्यात.

तिसऱ्या वेळेनंतर त्यांना औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते पुस्तक सापडलं. कोण्या जुन्या तत्त्वज्ञाचं मराठी भाषांतर. पहिली पानं फाटलेली, त्यामुळं लेखक कोण ते आजतागायत कळलं नाही. शिव्या कुणाला द्यायच्या, हाही प्रश्नच!

* * *

पुस्तकाचा पहिला दणका घड्याळांना बसला. "मोजमाप हा मनाचा रोग आहे," वसंतराव म्हणाले. "ज्यानं मोजलं, तो तिथंच थकला." जन्मभर कालव्यांची मापं काढलेला माणूस हे सांगतोय म्हटल्यावर आम्ही भारावलो. सगळ्यांनी घड्याळं काढून खिशात घातली आणि आम्ही दौलताबादच्या रस्त्याला लागलो.

लई सुंदर पळालो! वारा, पाखरं, सगळं दिसायला लागलं. परत आलो तर ऊन डोक्यावर. माझी शिफ्ट बुडाली, मॅडमचे पेशंट दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होते, आणि मोईनभाईंच्या दुकानासमोर पंक्चर ट्रकची लाईन.

मोईनभाई घड्याळ परत मनगटावर चढवत म्हणाले, "साहब, फलसफा अपनी जगा, शटर अपनी जगा!"

* * *

मग वेदनेचा धडा आला. "वेदना म्हणजे नुसती एक बातमी असते," वसंतराव म्हणाले. "बातमी ऐकायची आणि पुढं जायचं. बातमी आली म्हणून कुणी घर सोडून पळत सुटतं का?"

गोगाबाबा टेकडीच्या बाजूनं येताना ते जरा लंगडायला लागले. आम्ही म्हटलं, थांबा. ते म्हणाले, "काही नाही, बातमी येतेय." असे ते हसत हसत थेट टपरीपर्यंत आले. बाकड्यावर बसून बूट काढला तर मोजा लाल झालेला.

सोनवणे मॅडमनी पाय मांडीवर घेतला आणि चिमट्यानं बाभळीचा काटा उपसून काढला. उजेडात धरून नीट बघितला.

"काका," त्या म्हणाल्या, "बातमी दीड इंच लांब आहे."

* * *

हर्सूलकडच्या रस्त्यावर एकदा कुत्री मागं लागली. आम्ही पळणार, तेवढ्यात वसंतरावांनी हात आडवा केला. "थांबा! भीती बाहेर नसते. ती आपली आपण तयार केलेली असते. शांत उभे राहा."

उभे राहिलो. काय करता, वयानं मोठा माणूस! कुत्र्यांनी मात्र पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यातलं काळं जे दात दाखवत पुढं आलं, तसं आमच्या डोळ्यांदेखत वसंतराव गायब! रस्त्याच्या पार टोकाला त्यांचा पांढरा टी-शर्ट तेवढा दिसत होता.

आम्ही धापा टाकत त्यांना गाठलं. मोईनभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "साहब, ये रफ्तार मॅरेथॉन के दिन किधर रख के आते?"

* * *

मंगलवहिनी, म्हणजे वसंतरावांच्या सौभाग्यवती, ह्या आमच्यातल्या सगळ्यात पोचलेल्या. एका रविवारी त्यांनी आम्हाला पोह्यांना बोलावलं. पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. मिठाचा पत्ता नाही.

वसंतरावांनी मीठ मागितलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "अळणी लागणं हा मनाचा खेळ आहे. समोर येईल ते स्वीकारायचं. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ना? मी काल दुपारी वाचलं."

वसंतराव गुमान खायला लागले. मीठ आम्हाला मिळालं. आम्ही कुठं पुस्तक वाचलं होतं!

मी ताटल्या ठेवायला आत गेलो तेव्हा मात्र वहिनी वेगळ्याच आवाजात बोलल्या. "भाऊजी, ह्या वर्षी गाडीत बसून आले ना, तर बूट भंगारवाल्याला देऊन टाकणार आहे. त्या गाडीतून उतरताना ह्यांचं तोंड बघवत नाही हो मला. मग आठ-आठ दिवस घरात बोलत नाहीत. पुस्तक काय करणार त्याला?"

मी ताटल्या धुवायला घेतल्या.

* * *

यंदाची मॅरेथॉन. आम्ही तिघांनी आपापलं दहा-वीस किलोमीटर उरकलं आणि शेवटच्या कमानीपाशी येऊन बसलो. कमान म्हणजे हवा भरलेलं रबरी धूड, खाली पंखा चालू असला तरच उभं राहणारं. वहिनी आधीच तिथं छत्री घेऊन उभ्या होत्या. वेळ संपत आली. वसंतरावांचा पत्ता नाही.

मग उचलगाडी आली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. गाडीतून माणसं उतरली, त्यांत वसंतराव नव्हते! ड्रायव्हर वैतागला होता. "एक काका बसतच नाहीत. लई विनवण्या केल्या. म्हणले, पुस्तकात काय लिहिलंय ते राहू दे, मला चालत का होईना तिथं जायचंय! आता मी तरी किती थांबू? माझा नाष्टा राहिलाय."

वेळ संपली. टाळ्या वाजवणारे गेले, पदकांची खोकी गेली. मंडपवाल्यानं येऊन पंख्याचं बटण बंद केलं आणि कमान हळूहळू खाली बसायला लागली.

वहिनींनी छत्री फेकली आणि दोन्ही हातांनी कमान वर धरली!

"ओ बाई, वेळ संपली ना," मंडपवाला म्हणाला.

"तुमची संपली असंल. माझा माणूस यायचाय अजून. धरा तिकडून!"

त्यानं धरलं की हो! आम्हीही घुसलो. मोईनभाई एका कोपऱ्यात, मॅडम दुसऱ्यात, मी वहिनींच्या शेजारी. ते रबर उन्हानं तापलेलं, जड, अंगावर येत होतं. तेवढ्यात लांबून वसंतराव दिसले. पाय ओढत येत होते. आमच्यापर्यंत पोचले तेव्हा कमान त्यांच्या छातीइतकी उरली होती. ते समोर येऊन नुसतेच उभे राहिले आणि वहिनींकडं बघायला लागले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"अहो, विचार काय करताय, वाका! हात गळून चाललेत आमचे!"

वसंतराव वाकले आणि खालून पलीकडं गेले. आम्ही ओरडलो, मोईनभाईंनी शिटी मारली. मी आता कमान सोडणार, तेवढ्यात ते माघारी वळले.

"सोडू नका! मागं एक वैजापूरचा माणूस येतोय. त्याचाही पाय गेलाय. मी त्याला सांगून आलोय की कमान उभी आहे."

रस्त्यावर अजून कुणीच दिसत नव्हतं. वहिनींनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"मग तुम्ही मधे या," त्या म्हणाल्या. "तुम्ही उंच आहात."