बस नसलेल्या शाळेची मावशी

लोकशाहीवर मनापासून विश्वास असलेली एकच व्यक्ती मला अमेरिकेतल्या या अख्ख्या मॉरिसव्हिलमध्ये भेटली, आणि तिला इथे मतदानाचा हक्क नाही. ती म्हणजे माझ्या रूममेटची मावशी. नागपुरात महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्या ग्रीन कार्डावर मुलाकडे आल्या. पण निवृत्त झाली ती नोकरी, मुख्याध्यापिका नव्हे. इंडियन दुकानात रांग वाकडी दिसली की त्या ती सरळ करतात. पार्कमध्ये कुणाचंही मूल घसरगुंडीवर उलटं चढायला लागलं की "ए पोट्ट्या, उतर खाली!" असं ठणकावतात, आणि मराठीचं अक्षर न कळणारं ते मूल निमूट उतरतं. साठीनंतर त्या ड्रायव्हिंग शिकल्या. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी सीटबेल्ट ढिला लावला म्हणून त्यांनाच झापलं आणि तरी पास झाल्या. माझ्या मते, त्यामुळेच झाल्या. मग मुलाच्या मागे लागून एक जुनी निळी व्हॅन घेतली. साडी, पांढरे स्पोर्ट्स शूज आणि ती व्हॅन, एवढ्यावर त्यांचा या गावात दरारा आहे.

त्यांच्या नातवाचा नंबर एका चार्टर शाळेत लागला. अशी शाळा सरकारी पैशावर चालते, पण ताबा खासगी मंडळाचा असतो. फी नाही, प्रवेश लॉटरीने, म्हणजे कागदावर सगळ्यांना मोकळी. फक्त या शाळेला बस नाही आणि जेवण नाही. मूल स्वतःच्या गाडीने सोडा, स्वतःच्या गाडीने आणा, डबा द्या. ज्यांच्या घरी व्हिसामुळे नोकरी करू न शकणारी आई आहे किंवा भारतातून आणलेली आजी आहे, त्यांना ती मोकळी. कायद्याने उघडं आणि रीतीने बंद, असं दार आपल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचं आहे. गावोगावच्या पाणवठ्यांवर आपलं ते पाहून झालंय.

पहिल्याच आठवड्यात शाळेच्या पार्किंगमध्ये मावशींना डायना भेटली. हायवेच्या पलीकडे राहणारी, नातवाच्याच वर्गातली. तिची आई हॉटेलात खोल्या साफ करते आणि मुलगी उठायच्या आत कामावर निघते. तिला शाळेत सोडणारा शेजारी उद्यापासून येणार नव्हता, आणि त्या दुपारी आई स्वतःच तिला न्यायला आली होती. आईला फक्त स्पॅनिश येत होतं आणि मावशींचं इंग्रजी म्हणजे निव्वळ हुकूम. दोघी हातवारे करत बराच वेळ बोलल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून डायना निळ्या व्हॅनमध्ये बसायला लागली. तिचा डबाही मावशीच करायच्या. पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून द्यायच्या आणि म्हणायच्या, "त्यांच्याकडे मक्याची पोळी, आपल्याकडे गव्हाची. पोट तेच."

मग राज्याच्या विधिमंडळात एक बिल आलं. चार्टर शाळांनी बस आणि जेवण दिलंच पाहिजे, असा बदल त्यात सुचवला होता. शाळेच्या मंडळाने लगेच पालकांना मेल पाठवली: विरोध करा, नाहीतर खर्चाने शाळा बुडेल. आमचे मराठी पालक विरोध करायला जमले ते नेमके मावशींच्या मुलाच्या घरी. मांडीवर लॅपटॉप, हातात मावशींनी केलेले पोहे. मी आणि रूममेट कोपऱ्यात दात खात बसलो होतो.

मुलगा वेटिंग लिस्टवर असलेले एक गृहस्थ समजावत होते, "मावशी, तुमच्या लक्षात येत नाहीये. बस सुरू झाली की क्राउड बदलतो."

"कसा बदलतो?"

"म्हणजे यू नो... एरिया."

"मला नाही माहीत बापा. कोण येतं बसमधून? वाघ येतो का?"

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला, "तू आत जा ना जरा."

मावशी आत गेल्या, पण जाताना एकेकाच्या हातातली बशी काढून घेत गेल्या. "शाळेत जेवण नको म्हणून राहिले ना तुम्ही? मग इथे तरी कायले पाहिजे? उपाशी लिहा."

त्यांनी उपाशी लिहिलं. मेल गेल्या.

बिलाच्या सुनावणीला मी रजा टाकून मावशींना राज्याच्या राजधानीत घेऊन गेले. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं होती. माइकसमोर जाताच त्या सवयीने "सिट डाउन" म्हणाल्या, आणि दोन आमदार खरोखर सावरून बसले. "दार उघडं आहे म्हणता," त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "पण मूल दारापर्यंत येणार कसं? उडत?" वेळ संपली, माइक बंद झाला. मावशी बोलतच राहिल्या. आयुष्यभर माइकशिवाय शिकवलेल्या बाई त्या. अध्यक्षांनी नम्रपणे आभार मानून पुढचं नाव पुकारलं. बिल समितीतच राहिलं. इथे बिल पाडत नाहीत, बसवून ठेवतात. कुणाला विरोधी मत द्यावं लागत नाही, सगळ्यांचे हात स्वच्छ.

शाळेनेही नियम काढला: एका गाडीतून एकाच कुटुंबाची मुलं. कारण दिलं विम्याचं. मावशी ऑफिसात जाऊन भांडल्या, जबाबदारी आपली असं लिहून द्यायला तयार झाल्या. सगळे हसून "वुई अंडरस्टँड" म्हणाले. डायनाच्या आईने काही दिवस काम बुडवून तिला टॅक्सीने नेलं, मग एके दिवशी शाळेतून नाव काढलं.

ती जागा वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या मुलाला मिळाली. त्याचे वडील, तेच क्राउडवाले गृहस्थ, त्याला घेऊन मावशींकडे पेढे द्यायला आले. आरक्षणाने देश कसा बुडाला हे दर दिवाळीला सांगणारा हा माणूस. "फायनली!" ते म्हणाले. "डिझर्व्ह करत होता तो."

"लॉटरी आहे ती," मी म्हणाले. मला तो पेढ्यांचा डबा त्यांच्या तोंडावर फेकायचा होता. मावशींनी माझं मनगट धरलं. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून त्याचं नाव विचारलं. "नीट शिक," म्हणाल्या. "भांडायचं नाही कुणाशी."

ते गेल्यावर मी तडकले. "मावशी, तुम्ही काहीच बोलला नाहीत!"

"एवढंसं लेकरू आहे ते," त्या म्हणाल्या. "त्याले काय बोलू?"

गेल्या महिन्यात माझी गाडी बिघडली होती, म्हणून ऑफिसला सोडायला मावशी आल्या. नातवाला शाळेत उतरवल्यावर त्यांनी व्हॅन माझ्या ऑफिसकडे न वळवता हायवेच्या पलीकडे नेली आणि एका अपार्टमेंटच्या समोर थांबवली. रस्त्याच्या कडेला मुलं उभी होती. त्यांच्यात डायना होती, थोडी उंच झालेली.

"रोज येता इथे?"

"रोज नाही. जमेल तेव्हा."

साध्या सरकारी शाळेची पिवळी बस आली. डायना मैत्रिणीशी बोलण्यात इतकी गुंग होती की तिचं आमच्याकडे लक्ष गेलं नाही. ती चढली, दार मिटलं, बस वळली. मावशी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

"बस वेळेवर आली," त्या म्हणाल्या. मग गाडी सुरू करताना, स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे येऊ शकते."